बाटली

अर्ध्या लिटरची. संत्र्याच्या सरबताची होती.
सिस्टर मासेको म्हणाली, आधी पिऊन संपवा,
मग धुवा, मग आणा माझ्याकडे.
लिंडेलवानं संपवायला दोन दिवस लावले.
आजारपणात तेवढंच काय ते लाडाचं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत
सिस्टरनं पंपाच्या तोंडाच्या मापाची तार वाकवली,
लाल केली, बाटलीच्या बुडाला टेकवली.
चर्र झालं. जळका वास सुटला
आणि पोरगी खोकायला लागली.
"बाहेर हो गं तू, तुझ्यासाठीच चाललंय."

मग शिकवलं. मुलीला नाही, मला.
हलवा. दाबा. एकदाच.
तिनं बाटलीच्या तोंडाला ओठ लावायचे
आणि सावकाश ओढायचं,
दहापर्यंत आत धरायचं.
घाई नाही, औषध बाटलीत थांबतं.
दुसरा दाब मिनिटानं.
आणि धुतली की पुसायची नाही, ठिबकत वाळू दे.
खाणीत डंपर हातात दिला
तेव्हाही कुणी एवढं समजावलं नव्हतं.

आमच्या गावाचं नाव एमालाह्लेनी,
म्हणजे कोळशाची जागा.
नावात काही लपवलेलं नाही.
जूनमध्ये धूर वर जात नाही,
थंडीनं त्याचेही पाय आखडतात,
अंगणातच बसून राहतो.
शेजारी म्ट्स्वेनी डब्याला भोकं पाडून
शेगडी पेटवतो. मी काय बोलणार,
त्याचीही पोरं गारठतात.
आणि कोळसा कुणाच्या डंपरमधून येतो
ते त्याला ठाऊक आहे.

रात्री दोनला आधी शिट्टी ऐकू येते,
बारीक, लांबून कुणी कुत्र्याला बोलवावं तशी.
मग तिचे खांदे कानांपर्यंत चढतात,
गळ्याखालच्या खळग्यात कातडी आत ओढली जाते.
ती बोलत नाही. शब्दाला लागतो
तेवढाही वारा नसतो तिच्याजवळ.
बोटानं दाखवते: कपाट.

हलव. दाब. ओढ.
दहापर्यंत मोजतो, आणि अकराव्याला कळतं
की मीच श्वास सोडलेला नाही.
मग ते एक मिनिट, दुसऱ्या दाबाआधीचं.
लिंडेलवा म्हणजे वाट पाहिलेली.
नाव ठेवलं तेव्हा वाटलं होतं,
वाट पाहणं संपलं.

जीव भांड्यात पडतो म्हणतात.
आमचा बाटलीत पडतो, धुकं होऊन,
आणि तिथून घोटाघोटानं
परत तिच्या अंगात जातो.
नंतर तिचे हात थरथरतात, औषधानं.
माझेही. मी तर घेतलेलं नाही.

पंपात दोनशे दाब. वर आकडा नाही.
हलवून कळत नाही;
संपलेला पंपही फुस्स करतो,
भरल्यासारखं खोटं बोलतो.
म्हणून कपाटाच्या दाराआड पेन्सिलीच्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी.
एकशे एकाहत्तराव्या रेघेला
दवाखान्यात पाटी लागली होती: पुढच्या मंगळवारी या.
त्या आठवड्यात मी तिला हसवलं नाही.
हसली की उबळ येते.
तिची आई मिडलबर्गहून रात्रपाळी करून यायची,
चपला काढायच्या आधी कपाट उघडायची,
रेघा मोजायची, मग झोपायची.

मंगळवारी मिळाला.

काल वीज गेली.
इथून वीज देशभर जाते,
आमची नुसतीच जाते.
टेबलावर मेणबत्ती, या टोकाला मी ताट घेऊन,
त्या टोकाला तिचा गृहपाठ.
झाला, म्हणाली, आणि वही मिटून
जागेवरूनच, न उठता,
एका फुंकरीत ज्योत विझवली.

"अगं, माझं जेवण व्हायचंय!"
अंधारात ती हसत सुटली.
मी कान देऊन बसलो, घास हातात.
शिट्टी नव्हती.
ती हसतच होती, खुर्ची कुरकुरत होती.
काडेपेटी माझ्या खिशात होती.
मी काढली नाही.